युरिनमध्ये मेटाबोलाइटचा पीक दबतो, सरकतो, नाहीतर भलताच येतो: मशीन उघडायच्या आधी हे बघा

रबाळे, महापे, तुर्भे, इकडे वागळे इस्टेट, या पट्ट्यातल्या, मास स्पेक्ट्रोमीटरवर (एलसी-एमएस) युरिनमधली औषधं शोधणाऱ्या लॅबमधून एकच तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. (मेटाबोलाइट म्हणजे शरीर औषधाचं जे रूपांतर करतं ते, आणि पीक म्हणजे ग्राफवर त्याचा येणारा डोंगर.) "सर, परवापर्यंत सगळं मस्त चाललं होतं, आज मॉर्फिन दिसतच नाहीये, मशीन गेलं का?" मशीन बहुतेक वेळा गेलेलं नसतं. पण फोन येईपर्यंत कुणीतरी कोन (मशीनच्या तोंडाशी आयन आत घेणारी शंकूसारखी प्लेट) काढून घासलेला असतो, कुणी डिटेक्टर व्होल्टेज वाढवून ठेवलेलं असतं, आणि मग खरं कारण शोधायला दुप्पट वेळ जातो कारण मधे चार गोष्टी बदललेल्या असतात. म्हणून हे एकदा लिहूनच काढतोय, डोक्यात ट्रिपल क्वाड जातीचं मशीन धरून, पण टॉफ किंवा ऑर्बिट्रॅप, म्हणजे वजन जास्त अचूक मोजणारी मशीनं, वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नक्की काय होतंय ते आधी कागदावर लिहा, कारण "पीक येत नाही" या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळे आजार लपलेले असतात:

- पाण्यात किंवा मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून, म्हणजे औषधं वेगळी करणाऱ्या नळीतून, वाहणारा द्रव) बनवलेलं स्टँडर्ड (माहीत असलेल्या मात्रेचं शुद्ध औषध) ठणठणीत येतं, युरिनमध्ये मात्र तोच पीक अर्ध्यावर किंवा त्याहून खाली.
- स्टँडर्डही खाली, युरिनही खाली, सगळंच मरगळलेलं.
- इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक सॅम्पलमध्ये आपण मुद्दाम घालतो ते ठरलेल्या मात्रेचं द्रव्य) व्यवस्थित, पण मेटाबोलाइट कमी. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.)
- सुरुवातीला येणारे पीक फुटलेले, दोन डोंगर झालेले, शेवटी येणारे मात्र सरळ.
- बॅच जसजशी पुढे जाते तसतसा रिटेन्शन टाइम (पीक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) सरकत जातो.
- आयन रेशो (एकाच औषधाच्या दोन तुकड्यांच्या पीकचं गुणोत्तर) कंट्रोलमध्ये, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या सॅम्पलमध्ये, पास, पेशंटच्या सॅम्पलमध्ये फेल.
- ब्लँकमध्ये (औषध नसलेल्या सॅम्पलमध्ये) पीक.
- त्याच चॅनेलमध्ये (आपण बघतोय त्या ठरलेल्या वजनाच्या खिडकीत) एक जादाचा पीक, आपल्या पीकच्या थोडा आधी किंवा नंतर.

एक गोष्ट बिघाड नसते पण बिघाड म्हणून सांगितली जाते. मूळ औषध दिसत नाही, फक्त मेटाबोलाइट दिसतो, असं युरिनमध्ये होतंच. कोकेन घेतलेल्या माणसाच्या युरिनमध्ये बेंझॉइलएकगोनिन मिळेल आणि कोकेन मिळेलच असं नाही. हेरॉइन तर शरीरात इतक्या झपाट्याने तुटतं की आपण ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन आणि मॉर्फिनच शोधतो. त्यामुळे "पॅरेंट का नाही" म्हणून मशीनच्या मागे लागू नका.

पहिलं: नुसतं बसून डेटा बघा, हात कशाला लावू नका

फुकटातली तपासणी हीच. मागच्या सगळ्या बॅचेसचे इंटर्नल स्टँडर्डचे एरिया एका ग्राफवर टाका. सॉफ्टवेअरमध्ये होत नसेल तर एक्सेलमध्ये टाका. एरिया रोज थोडा थोडा उतरत आलाय की एका दिवसात कोसळलाय, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. हळूहळू उतरला तर सोर्स (सॅम्पलचे आयन बनतात तो भाग) घाण होतोय किंवा कॉलम थकतोय. एका रात्रीत कोसळला तर त्या दिवशी काहीतरी बदललंय: नवी मोबाइल फेज, नवी ट्यूब, नव्या लॉटचं एन्झाइम, नवा मुलगा. विचारायला लाजू नका.

मग एकच इंजेक्शन मारा: साधं स्टँडर्ड, मोबाइल फेजमध्ये बनवलेलं, युरिन नाही, काढणी (एक्स्ट्रॅक्शन) नाही, काही नाही. हे नेहमीसारखं आलं तर कॉलम, सोर्स, व्हॅक्युम, डिटेक्टर सगळं ठीक आहे आणि भानगड सॅम्पलमध्ये किंवा सॅम्पल तयार करण्यात आहे. हे पण खाली आलं तर भानगड मशीनकडच्या बाजूला. या एका इंजेक्शनने पुढचा रस्ता ठरतो आणि तरीही लोक ते करत नाहीत, थेट स्पॅनर घेतात.

दुसरं: सॅम्पल, कप, पीएच पट्टी

पीएच पट्टी काही रुपयांत मिळते. ताज्या युरिनचा पीएच साधारण ४.५ ते ८ मध्ये असतो. मे महिन्यात पनवेलहून बाइकवर निघालेला डबा ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापत येतो, बर्फाचं पाणी झालेलं असतं, तोपर्यंत बॅक्टेरिया युरियाचा अमोनिया करून पीएच ९ वर नेतात. आता हे का महत्त्वाचं? कारण एवढ्या अल्कलाइन सॅम्पलमध्ये कोकेन आपोआप बेंझॉइलएकगोनिनमध्ये तुटतं, ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन टिकत नाही, आणि वर तुमचा बफर हरतो, ते पुढे सांगतो. मशीनने कितीही जीव लावला तरी जे सॅम्पलमधून निघून गेलंय ते दिसणार नाही.

क्रिएटिनिन बघा. २० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली असेल तर युरिन पातळ आहे, भरपूर पाणी पिऊन दिलेलं किंवा पाणी घातलेलं, मग पीक छोटा येणारच. ते पॅथॉलॉजिस्टला कळवायचं, तुम्ही गेन वाढवून भरपाई करायची नाही.

गढूळ असेल तर सेंट्रिफ्यूज करा. फ्रिजमधून काढल्यावर जे पांढरं खाली बसतं ते बहुतेक क्षार असतात, ते तसंच इंजेक्ट केलं तर गार्ड कॉलमची (मुख्य कॉलमच्या आधी लावलेला छोटा संरक्षक कॉलम) वाट लागते. आणि गांज्याचा मेटाबोलाइट, कार्बॉक्सी-टीएचसी, बघत असाल तर तो प्लास्टिकला चिकटतो. कपातून ट्यूबमध्ये, ट्यूबमधून दुसऱ्या ट्यूबमध्ये असं ओतत बसलात तर दरवेळी थोडा थोडा भिंतीवर राहतो. कमी भांडी, आणि ओतण्याआधी नीट हलवून, एवढंच.

तिसरं: व्हायलमध्ये काय भरलंय

फुटलेला पीक, आणि तो पण फक्त मॉर्फिनसारख्या लवकर येणाऱ्यांचा, हे दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो: शेवटी सॅम्पल कशात विरघळवलं? उत्तर ठरलेलं असतं, अॅसिटोनायट्राइल किंवा मेथॅनॉल, कारण प्रोटीन पाडायला घातलं होतं आणि सुकवायचा कंटाळा आला. ग्रेडियंट (मोबाइल फेजमधलं ऑर्गॅनिक द्रावक हळूहळू वाढवत नेणं) सुरू होतो २-५ टक्के ऑर्गॅनिकवर आणि तुम्ही १० मायक्रोलिटर ५० टक्के अॅसिटोनायट्राइलचा डोस आत ढकलता. मॉर्फिनला कॉलमवर थांबायला वेळच मिळत नाही, थोडं त्या डोसबरोबर पुढे पळतं, थोडं मागे राहतं, म्हणून दोन डोंगर. उशिरा येणारे कॉलमच्या तोंडाशी पुन्हा गोळा होतात म्हणून ते सरळ दिसतात.

खात्री करायची फुकट पद्धत: तेच सॅम्पल १ मायक्रोलिटर इंजेक्ट करा. पीक एकदम देखणा झाला तर कॉलम निर्दोष आहे, नवा मागवू नका. सॅम्पल पाण्याने पातळ करा किंवा सुकवून सुरुवातीच्या मोबाइल फेजमध्ये घ्या, विषय संपला.

इन्सर्टच्या (व्हायलमधल्या छोट्या नळीच्या) तळाशी बुडबुडा आहे का तेही बघा, एकच सॅम्पल गायब आणि आजूबाजूचे ठीक असतील तर निम्म्या वेळा तोच असतो. व्हायल उचला, बोटाने टिचकी मारा, परत लावा.

चौथं: मोबाइल फेज आणि बाटली

नवी बनवा. जुनीचं काय झालं याचा विचार नंतर. ०.१ टक्के फॉर्मिक अॅसिडचं पाणी आठवडाभर उन्हात ठेवलं तर त्यात काहीतरी उगवतं, आणि बफर विसरला की अॅमोनियम फॉर्मेटवर बसवलेले रिटेन्शन टाइम हलतात. उरलेल्या मोबाइल फेजवर नवी ओतायची सवय असेल तर आजच सोडा.

बाटली साबणाने धुतली असेल तर स्कॅनमध्ये ४४-४४ वजनाच्या अंतराने शिडी दिसेल, ते पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं घराणं, डिटर्जंटमधून येतं आणि तुमच्या मेटाबोलाइटचं आयनीकरण दाबतं. ३९१.२८ दिसत असेल तर तो प्लास्टिकमधला थॅलेट, टिप किंवा ट्यूब बदलून बघा. सोडियम अॅडक्ट, म्हणजे प्रोटॉनवाल्या आयनच्या वर २२ चा पीक, अचानक वाढला असेल तर कुठून तरी सोडियम येतंय आणि तुमचा खरा सिग्नल तिकडे वाटला जातोय. एमआरएममध्ये (ठरलेला आयन आणि त्याचा ठरलेला तुकडा एवढंच मोजायची पद्धत) यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे आपण फक्त ठरवलेली खिडकी उघडतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी फुल स्कॅन मारून ठेवा. हे मी सगळ्यांना सांगतो, ऐकत कमी जण.

फॉस्फेट बफर कुणी मोबाइल फेजमध्ये घातला असेल तर बोलायलाच नको. उडत नाही तो, सोर्समध्ये मीठ जमतं.

पाचवं: हायड्रोलिसिस झालंय का, हे कोण सांगतंय?

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं आणि इथेच कुणी बघत नाही.

शरीर मॉर्फिनला मोकळं सोडत नाही, त्याला ग्लुकुरोनिक अॅसिड जोडून युरिनमध्ये पाठवतं, मुख्यतः मॉर्फिन-३-ग्लुकुरोनाइड म्हणून. वजन १७६.०३ ने वाढतं, म्हणजे २८६ चं ४६२ होतं. आपण बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइम घालून ती जोडणी तोडतो आणि मग २८६ वर मोजतो. एन्झाइम झोपलं तर बहुतेक मॉर्फिन ४६२ वरच बसून राहतं आणि तुमच्या २८६ च्या चॅनेलला काही पत्ता लागत नाही.

आता गंमत बघा. इंटर्नल स्टँडर्ड म्हणून आपण ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजन लावलेलं) मॉर्फिन घालतो, ते मोकळंच असतं. एन्झाइम चाललं काय, नाही चाललं काय, त्याचा एरिया तसाच मस्त येणार. म्हणजे इंटर्नल स्टँडर्ड "सगळं ठीक" सांगत असतं आणि पेशंटचं रिझल्ट निम्म्याहून खाली. वर लिहिलेलं तिसरं लक्षण आठवा, ते हेच. आणि तुमचा कंट्रोल जर मोकळं मॉर्फिन घालून बनवला असेल तर तोही पास होणार. मागे एकाशी फोनवर झालेलं बोलणं असं:

"कोन साफ केला, कॉलम बदलला, तरी पेशंटचे सगळे कमीच येतायत सर."

"कंट्रोल कशाचा?"

"मॉर्फिनचा."

"ग्लुकुरोनाइडचा नाही?"

"...तो घ्यायला लागतो?"

लागतो. ब्लँक युरिनमध्ये मॉर्फिन-३-ग्लुकुरोनाइड घातलेला एक कंट्रोल प्रत्येक बॅचमध्ये हवाच, आणि शक्य असेल तर कोडीन-६-ग्लुकुरोनाइडचा पण ठेवा, कारण तो जास्त हट्टी आहे, मॉर्फिनवाला तुटला म्हणजे कोडीनवाला तुटलाच असं नसतं. विकत घ्यायला महाग वाटत असेल तर तात्पुरतं तरी ४६२ ते २८६ हे ट्रान्झिशन (४६२ चा आयन तुटून येणारा २८६ चा तुकडा) मेथडमध्ये टाका, हायड्रोलिसिसनंतर तिथे मोठा पीक उरला असेल तर एन्झाइमने काम केलेलं नाही, एका नजरेत कळतं.

एन्झाइम का झोपतं? पीएच हे पहिलं. गोगलगाईपासून काढलेलं, हेलिक्स पोमाटियावालं, ५ च्या आसपास चालतं, ई. कोलायवालं ६-७ च्या आसपास. लॉट बदलताना स्टोअरवाल्याने स्वस्त म्हणून दुसऱ्या प्रकारचं मागवलं आणि बफर जुनाच राहिला, असं होतं. आणि मघाचं ते ९ पीएचचं तापलेलं सॅम्पल, त्यात ठरलेला अॅसिटेट बफर घातला तरी ते ५ वर येत नाही. म्हणून पट्टी बफर घातल्या*नंतर* लावा, आधी नाही. दुसरं म्हणजे तापमान आणि वेळ, हीटिंग ब्लॉकचा डिस्प्ले ५५ दाखवतो आणि कोपऱ्यातल्या विहिरीत ४५ असतं, साधा थर्मामीटर घालून बघा. तिसरं, एन्झाइमची बाटली दिवसभर टेबलावर.

कार्बॉक्सी-टीएचसीचं ग्लुकुरोनाइड एस्टर जातीचं, ते अल्कलीने सहज तुटतं. मॉर्फिनचं ईथर जातीचं, ते अल्कलीने हलत नाही. एकाच रेसिपीने दोन्ही करायला जाऊ नका.

सहावं: मॅट्रिक्स (युरिनमधलं बाकीचं सगळं) दाबतंय का

इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे सोर्समधल्या आयन बनवणाऱ्या फवाऱ्यात, थेंबाच्या पृष्ठभागावर जागा मोजकी असते आणि युरिनमधले क्षार, युरिया, क्रिएटिनिन सगळे एकाच वेळी तिथे घुसतात, म्हणजे संध्याकाळी ठाण्याला फास्ट लोकलमध्ये चढणं जसं, तुम्ही प्लॅटफॉर्मवर असता पण डब्यात नसता. मेटाबोलाइट सॅम्पलमध्ये आहे, कॉलममधून बाहेरही पडलाय, फक्त आयन झालेला नाही.

सोपी चाचणी: तयार सॅम्पल दहा पट पातळ करा आणि परत मारा. सिग्नल दहाव्या हिश्श्यावर आला तर दबाव नाही. तो फक्त निम्मा झाला तर आधी चांगलाच दबत होता. (मूळ पीकचं डोकं सपाट असेल तर मात्र तो दबाव नाही, डिटेक्टर भरलाय, दोन्हीत गल्लत करू नका.) उपायही तोच, सेन्सिटिव्हिटी परवडत असेल तर पातळ करूनच इंजेक्ट करा. नाहीतर सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन, नाहीतर ग्रेडियंटची सुरुवात थोडी लांबवून मेटाबोलाइटला क्षारांच्या गर्दीतून बाहेर काढा. आणि डायव्हर्ट व्हॉल्व्ह वापरा हो, पहिलं मिनिट सरळ वेस्टमध्ये. तो मशीनला दिलेला असतो आणि अर्ध्या लॅबमध्ये मेथडमध्ये चालूच केलेला नसतो.

प्रत्येक मेटाबोलाइटला स्वतःचं ड्युटेरियमवालं इंटर्नल स्टँडर्ड असेल तर दबाव आला तरी दोघांवर सारखा येतो आणि रेशो सावरतो. एकच इंटर्नल स्टँडर्ड दहा औषधांना वाटून वापरत असाल तर जे त्याच्यापासून लांब बाहेर पडतात त्यांचं तो काही सावरत नाही.

नक्की कुठे दाबलं जातंय हे बघायचं असेल तर पोस्ट-कॉलम इन्फ्युजन: सिरिंज पंपाने स्टँडर्ड टी-जोडाने कॉलमच्या नंतर सतत सोडायचं आणि वरून ब्लँक युरिन इंजेक्ट करायचं. सरळ रेषेत जिथे खड्डा पडतो तिथे दबाव. तुमच्या मेटाबोलाइटचा रिटेन्शन टाइम त्या खड्ड्यात असेल तर मेथड बदला, सोर्स घासून काही होणार नाही. एक दुपार जाते, पण मेथड बसवताना एकदा केलं की वर्षभर वाद होत नाहीत.

सातवं: पीक आलाय, पण तो खरंच तोच आहे का

पीक न येण्यापेक्षा चुकीचा पीक येणं जास्त वाईट, कारण न आलेल्याची निदान तक्रार होते.

ट्रामाडोल घ्या. २०१८ मध्ये ते आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तेव्हापासून पॅनेलमध्ये असतंच. त्याचा प्रोटॉनवाला आयन २६४.१९५८, आणि तुटून ५८ देतो. आता डिप्रेशनसाठी देतात ते व्हेनलाफॅक्सिन, त्याचा मुख्य मेटाबोलाइट ओ-डेसमिथाइलव्हेनलाफॅक्सिन. त्याचाही फॉर्म्युला सी१६एच२५एनओ२, त्याचाही आयन २६४.१९५८, तोही ५८ देतो, आणि सी-१८ या नेहमीच्या कॉलमवर तो ट्रामाडोलच्या जवळपासच निघतो. ऑर्बिट्रॅप लावा नाहीतर टॉफ लावा, फॉर्म्युलाच एक असेल तर अचूक वजन काय करणार बापडं. फक्त २६४ ते ५८ बघून रिपोर्ट दिला तर गोळ्या इमाने-इतबारे घेणारा पेशंट ट्रामाडोल पॉझिटिव्ह ठरतो.

सोडवायचं कसं: दुसरं ट्रान्झिशन ठेवा. ओ-डेसमिथाइलव्हेनलाफॅक्सिन पाणी टाकून २४६ जोरात देतं आणि १०७ पण देतं, ट्रामाडोलमध्ये ५८ सोडून बाकी किरकोळ. आयन रेशो इथेच फेल होतो, आणि फेल झालेला रेशो म्हणजे मशीनचा बिघाड नव्हे, मशीन तुम्हाला सांगतंय की हा तो नाही. दुसरं, ट्रामाडोलचे स्वतःचे मेटाबोलाइट शोधा. ओ-डेसमिथाइल आणि एन-डेसमिथाइल दोन्ही २५० वर, पण पहिला ५८ देतो आणि दुसरा ४४, कारण मिथाइल नायट्रोजनवरून गेलाय. २६४ मोठा आणि २५० चा पत्ताच नाही, असं असेल तर पेशंटची औषधांची यादी मागवा. आणि दोन्हीचं स्टँडर्ड एकदा मिसळून मारा, तुमच्या कॉलमवर ते सुटतात की नाही हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

असाच जोडीचा दुसरा घोळ मेथअॅम्फेटामिन आणि फेन्टरमिनचा, दोघंही १५०.१२८. जिमच्या पोरांकडून मेफेन्टरमिनचं इंजेक्शन वापरलं जातं, त्याचा मेटाबोलाइट फेन्टरमिन. ९१ दोघंही देतात, पण ११९ मेथअॅम्फेटामिन देतं आणि फेन्टरमिन १३३ कडे जातं. ९१ च्या भरवशावर राहू नका.

जादाचा पीक मॉर्फिनच्या आधी, २८६ च्या चॅनेलमध्ये, दिसतोय? बहुतेक तो मॉर्फिन-३-ग्लुकुरोनाइड सोर्समध्येच तुटलेला. ग्लुकुरोनाइड जास्त पोलर (पाण्याकडे ओढा असलेला) म्हणून आधी बाहेर पडतो, सोर्समध्ये १७६ टाकतो आणि २८६ म्हणून मिरवतो. कोन व्होल्टेज किंवा डिक्लस्टरिंग पोटेन्शियल कमी केलं की तो पीक खऱ्या मॉर्फिनच्या मानाने लहान होतो, तेवढ्यावर ओळखता येतो. सॉफ्टवेअर कधीकधी त्यालाच मॉर्फिन म्हणून इंटिग्रेट करतं, विशेषतः रिटेन्शन टाइमची खिडकी ढिली ठेवली असेल तर. हायड्रोमॉर्फोनही २८६.१४ च, तोही कॉलमवरच सोडवायला लागतो. ७-अमिनोक्लोनाझेपाम २८६.०७, हा हाय रेझोल्यूशनवर वेगळा दिसतो, शिवाय क्लोरीनमुळे २८८ ला त्याची सावली पडते.

आणि मॉर्फिन-कोडीन थोडं थोडं खरंच आलं, तर खसखस विसरू नका. दिवाळीचे अनारसे, मटणाचं वाटण, सगळ्यात असते. ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन आलं तर हेरॉइन, खसखशीने ते येत नाही. हा निर्णय लॅबच्या मुलाने घ्यायचा नसतो, पण रिपोर्टवर सही करणाऱ्याच्या कानावर घालायचा असतो.

आठवं: गार्ड कॉलम, कॉलम, कॅरीओव्हर

प्रेशर नेहमीपेक्षा चढलंय? आधी गार्ड बदला, तो कॉलमच्या मानाने किरकोळ किमतीचा. गार्ड काढून प्रेशर उतरलं तर कॉलम वाचला. रिटेन्शन टाइम सगळ्यांचा एकत्र सरकला तर पंप, लीक, मोबाइल फेज बघा, एकट्यादुकट्याचा सरकला तर पीएच किंवा कॉलम. ओव्हनचं दार नीट लागलंय ना.

ब्लँकमध्ये पीक आला तर सगळ्यात स्ट्राँग सॅम्पलनंतर तीन ब्लँक सलग मारा. उतरत गेला तर कॅरीओव्हर (आधीच्या सॅम्पलचं मशीनमध्ये उरलेलं), नीडल वॉशमध्ये आयसोप्रोपॅनॉल वाढवा, रोटर सील बघा. तिन्हीत सारखाच राहिला तर मोबाइल फेज किंवा इंटर्नल स्टँडर्डच घाण.

नववं: सोर्स आणि गॅस

आता कुठे स्पॅनर. स्टँडर्डसुद्धा खाली येत असेल तरच इथे या. सोर्स थंड होऊ द्या, हाय व्होल्टेज बंद, ग्लोव्हज घाला, ते युरिनच आहे शेवटी. बाहेरची प्लेट किंवा कोन, मेथॅनॉल-पाणी निम्मं-निम्मं, धागे न सुटणारा कागद. मॅन्युअलमध्ये युजरने काढायचं म्हणून जेवढं लिहिलंय तेवढंच काढा. स्प्रेची नळी टोकाला काळी किंवा वाकडी दिसली तर बदला. फवारा टॉर्च मारून बघा, थुंकल्यासारखा तुटक येत असेल तर नळी तुंबलेली.

पावसाळ्यात नायट्रोजन जनरेटरकडे बघा. जूनपासून इकडच्या हवेत इतकं पाणी असतं की कॉम्प्रेसरचा ड्रेन रोज काढला नाही तर पाणी लाइनमध्ये पुढे सरकतं, गॅसचा दाब आणि शुद्धता दोन्ही पडतात, आणि बेसलाइन नाचायला लागते. जुलैमध्ये "सिग्नल सकाळी बरा, दुपारी खराब" असा फोन आला की मी आधी ड्रेनचं विचारतो. टॉफवाल्यांनो, एसी बंद-चालू झाला की मास सरकतो, कॅलिब्रेशन करून मग बोला.

इथे थांबायचं

व्हॅक्युमचं रीडिंग रोजच्यापेक्षा खराब आणि ते खाली येत नाहीये. टर्बो पंपाचा आवाज बदललाय. रफिंग पंपाचं तेल काळं किंवा दुधाळ झालंय आणि एएमसीमध्ये ते कोणी बदलायचं हे तुम्हाला माहीत नाही. डिटेक्टर व्होल्टेज परत परत वाढवायला लागतंय. जळका वास, स्पार्क, वीज जाऊन आल्यावर हाय व्होल्टेज एरर. ट्यून केल्यावर कॅलिब्रंटचे मास पास होत नाहीत. यातलं काहीही असेल तर इंजिनिअर बोलवा. आतला क्वाड, लेन्स, डिटेक्टर यांना युट्यूब बघून हात लावायचा नाही. तिथे हजारो व्होल्ट खेळत असतात आणि एक बोटाचा ठसा सुद्धा नडतो.

दुसरं थांबणं मशीनचं नाही. सॅम्पल पोलीस केसचं, नोकरीच्या टेस्टचं किंवा कोर्टात जाणारं असेल तर कंट्रोल फेल झाल्यावर तुम्ही आपल्या मनाने परत इंजेक्शन मारत बसायचं नाही. बॅच थांबवा, क्वालिटीवाल्याला आणि टॉक्सिकॉलॉजिस्टला सांगा, काय केलं ते लॉगबुकात लिहा. एनएबीएलचा (लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेचा) ऑडिटर पाचवं इंजेक्शन का पास झालं हे विचारत नाही, पहिल्या चारांचं काय झालं ते विचारतो. आयसोमरचा (फॉर्म्युला एक, रचना वेगळी, अशा जोडीचा) संशय असेल आणि तुमच्याकडे स्टँडर्ड नसेल तर "आढळलं" लिहू नका, ज्या लॅबकडे ते आहे तिकडे पाठवा.

इंजिनिअरला फोन करताना "सिग्नल कमी" एवढंच सांगू नका. साध्या स्टँडर्डचं आजचं आणि महिन्यापूर्वीचं क्रोमॅटोग्राम, इंटर्नल स्टँडर्डचा ग्राफ, शेवटचा ट्यून रिपोर्ट, व्हॅक्युमचं रीडिंग, आणि मधल्या काळात काय काय बदललं त्याची खरी यादी, हे सगळं आधीच मेल करा म्हणजे तो योग्य पार्ट बॅगेत घालूनच निघेल. आणि तो यायच्या आधी, बरं करतोय म्हणून, मशीन व्हेंट करून (व्हॅक्युम सोडून) ठेवू नका. त्याला चालू व्हॅक्युमवर बिघाड बघायचा असतो, आणि व्हेंट केलेलं मशीन परत नीट पंप-डाउन व्हायला बहुतेक दुसरा दिवस उजाडतो.